बघणाऱ्याचा टाइमआउट

सेलूच्या केशवराज बाबासाहेब महाराज मंदिरात जाणाऱ्या भाविकांना गोपाळराव देशमुखांची कथा नवी नाही. शिर्डीच्या साईबाबांचे गुरू ते हेच, असं संतचरित्रकार दासगणूंनी लिहिलं. अभ्यासकांचं त्यावर एकमत नाही. त्याच कथापरंपरेत एक अंगावर येणारा प्रसंग आहे. एका रूपवती स्त्रीला पाहून मन चळलं, म्हणून गोपाळरावांनी स्वतःचे डोळे फोडून घेतले. बघणारा बघता बघता गुंततो, हा त्यातला धसका.

सांख्य तत्त्वज्ञांना असा धसका नाही. त्यांचा पुरुष, म्हणजे आत्मा, नुसता साक्षी. प्रकृती नर्तकीसारखी त्याच्यापुढं येते, रूप दाखवून झालं की थांबते. ईश्वरकृष्णाच्या सांख्यकारिकेतला हा दृष्टान्त. नाच कुठं थांबवायचा, हे तिथं प्रेक्षक ठरवत नाही.

टीव्ही मात्र ठरवतो. अमेरिकेतलं कॉलेज बास्केटबॉल हे त्याचं ढळढळीत उदाहरण. २८ फेब्रुवारी १९४० रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधून पिट्सबर्ग आणि फोर्डहॅम या विद्यापीठांचा सामना प्रक्षेपित झाला, तेव्हा कॅमेरा आगंतुक पाहुणा होता. पुढं तो घरधनी झाला. आता पुरुषांच्या सामन्यात २० मिनिटांच्या प्रत्येक डावात घड्याळ १६, १२, ८ आणि ४ मिनिटांच्या खाली उतरलं, की त्यानंतर खेळ पहिल्यांदा थांबताच जाहिरातींसाठी टाइमआउट होतो. एखादा संघ बास्केटमागून बास्केट करत सुटलेला असतो, समोरच्यांची दमछाक झालेली असते. नेमका तेव्हाच त्यांना फुकटचा दम खायला मिळतो. प्रशिक्षक या विश्रांतीचा हिशोब धरूनच खेळाडू बदलतात.

या नजरेची किंमतही मोठी. २०१० मध्ये सीबीएस आणि टर्नर या वाहिन्यांनी पुरुषांच्या राष्ट्रीय कॉलेज स्पर्धेच्या १४ वर्षांच्या प्रक्षेपण हक्कांसाठी १,०८० कोटी डॉलर मोजायचं ठरवलं. ज्यांना बघायचं ती पोरं मात्र शिष्यवृत्तीवरच होती. स्वतःच्या नावावर आणि चेहऱ्यावर कमवायची मोकळीक त्यांना २०२१ मध्ये मिळाली. फळाची अपेक्षा धरू नये, हा उपदेश इथं फक्त खेळणाऱ्यांनाच लागू होता!

गंमत अशी, की १८९१ मध्ये स्प्रिंगफील्डच्या वायएमसीएत पीचच्या टोपल्या टांगून हा खेळ शोधणारे जेम्स नेस्मिथ धर्मशास्त्र शिकलेले. खेळातून शील घडवता येतं, ही त्यांची श्रद्धा. त्या हिशोबात प्रेक्षक कुठं नव्हताच.

मग सेलूचा कॉलेजकुमार नेस्मिथना जास्त जवळचा म्हणायचा का? इथली कॉलेजं नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या कक्षेतली. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेतून विद्यापीठाच्या संघात जागा मिळवायची, मग आंतरविद्यापीठ स्पर्धा, राज्यातला ‘अश्वमेध’ क्रीडा महोत्सव. कॅमेरा आलाच तर ‘खेलो इंडिया’पर्यंत पोचल्यावर, एरवी बाकावरच्या मित्राचा मोबाइल. तिथं जाहिरातींसाठी कुणी शिट्टी फुंकत नाही.

पण म्हणून त्याला निष्काम ठरवणं भाबडेपणाचं. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे, आणि कोणत्या स्पर्धेचं प्रमाणपत्र चालतं, हे पोरांना पाठ असतं. ते कमवायचं तर आपण खेळलो याला कागदावर साक्ष हवी. ती साक्ष स्कोअरशीटची. टीव्ही नसल्याची त्यांची तक्रार नसते. शीटवर नाव चुकलं, की मात्र पोरं टेबलापाशी जाऊन हुज्जत घालतात, आणि ते रास्तच आहे.