डोळ्यांचा थंडावा

एका प्रवासात प्रेषित मुहम्मद (स.) यांनी सोबत्यांना पुढे जाण्यास सांगितले आणि हजरत आयेशा (रजि.) यांच्याबरोबर धावण्याची शर्यत लावली. हजरत आयेशा (रजि.) जिंकल्या. पुढे दुसऱ्या एका प्रवासात पुन्हा शर्यत झाली. या वेळी प्रेषित (स.) जिंकले आणि ही त्या हारेची परतफेड असल्याचे हसून म्हणाले. अबू दाऊद व मुसनद अहमद या हदीससंग्रहांत हा प्रसंग आला आहे.

अवघ्या उम्मतचा भार वाहणाऱ्या प्रेषितांना (स.) यासाठी सवड होती. आपली सवड कुठे जाते? मुलगी पहिला सिपारा संपवून धावत येते, धाकटा पहिल्या रोज्याच्या इफ्तारसाठी दहादा घड्याळ पाहतो आणि आपली नजर मोबाईलवर खिळलेली असते. हलाल रोजीसाठीची धावपळ इबादत आहे, हे खरे. पण तिच्यामुळे घरच्यांचा हक्क माफ होत नाही.

सूरह फुरकानमधील दुआत (२५:७४) आपण जोडीदार व संततीच्या रूपाने डोळ्यांचा थंडावा मागतो. तो देणारा अल्लाहच. पण डोळे त्यांच्याकडे वळवावे लागतात ते आपल्यालाच. आज घरी गेल्यावर एवढे तरी करू या.

अल्लाह आपणा सर्वांना सद्बुद्धी देवो. आमीन.