प्रकृती आणि खर्डा

निबंधलेखनाचा एकच विधी आपल्या शाळांत पिढ्यान्‌पिढ्या शिकविला जातो : आधी मुद्दे काढावेत, मग त्यांचा विस्तार करावा. ‘व्यक्ती तितक्या प्रकृती’ ही म्हण सर्वांना पाठ असते. निबंधाची वही उघडताच मात्र तिचा विसर पडतो. सर्वांना एकच रीत लावणे हा न्याय, की समतेच्या नावाखाली होणारा अन्याय?

जॅनेट एमिग यांनी १९७१ साली अमेरिकेतील बारावीच्या आठ विद्यार्थ्यांच्या लेखनप्रक्रियेचा अभ्यास प्रसिद्ध केला. पाठ्यपुस्तकांतील सरळ क्रमाने मुले लिहीत नाहीत, असे त्यात दिसून आले. पुढे १९८४ मध्ये जॉर्ज जेन्सन व जॉन डिटिबेरिओ यांनी लेखनरीतीचा संबंध स्वभावभेदाशी जोडला. कार्ल युंग यांनी १९२१ साली मांडलेला प्रकृतिविचार आणि त्यावर उभी राहिलेली मायर्स-ब्रिग्ज चाचणी हा त्यांचा आधार होता. बहिर्मुख विद्यार्थ्याला बोलता-लिहिताना विचार सुचतो. अंतर्मुख विद्यार्थी मनात मांडणी झाल्याखेरीज लेखणी उचलत नाही. कोणी विषय चटकन आवळून लेखन हातावेगळे करतो, तर कोणी अखेरच्या दिवसापर्यंत वाचतच राहतो. पहिल्यावर आधी मुद्दे काढण्याची सक्ती केली, की विचाराचा झराच आटतो. दुसऱ्याला ‘लगेच लिही’ म्हटले, की तो गोठतो. दोघेही मग स्वतःला मंद समजू लागतात. हानी होते ती गुणांची नव्हे, आत्मविश्वासाची.

तथापि रीतीच्या बेडीतून सोडवून मुलाला प्रकृतीच्या चौकटीत कोंडणे हेही तितकेच अनुचित. ही चाचणी काही आठवड्यांनी पुन्हा दिल्यास अनेकांचा प्रकार बदलतो, हा तिच्यावरील प्रसिद्ध आक्षेप आहे. निव्वळ बहिर्मुख वा निव्वळ अंतर्मुख मनुष्य खुद्द युंग यांनाही मान्य नव्हता. ‘माझा स्वभावच असा’ हे वाक्य स्वतःची ओळख पटविते, तसेच ते आळसाला आसराही देते.

यातून वाट जेन्सन व डिटिबेरिओ यांनीच सुचविली आहे : पहिला खर्डा आपल्या कलाने लिहावा आणि पुनर्लेखनाच्या वेळी आपल्या दुर्बल बाजूस कामाला लावावे. या सल्ल्यात एक नीतिविचार दडलेला आहे. पहिला खर्डा लेखकाचा स्वतःशी संवाद असतो. तिथे त्याला मोकळीक हवी. दुसरा खर्डा वाचकासाठी असतो, आणि वाचकाची प्रकृती आपल्यासारखी असेलच असे नाही. तिथे स्वभावाला मुरड घालणे हे लेखकाचे कर्तव्य ठरते. शिक्षकाने वाट निवडू द्यावी, मुक्कामाची अपेक्षा मात्र ढिली करू नये. त्यासाठी विद्यार्थ्याला दुसऱ्या खर्ड्याची संधी मिळायला हवी. आपल्या परीक्षापद्धतीत नेमकी तीच मिळत नाही.