सूतभर जागा

जुन्नर तालुक्यातील आळे या गावी ज्या समाधीपुढे वारकरी हात जोडतात ती कोणा संताची वा योग्याची नाही. पैठणच्या ब्रह्मवृंदासमोर ज्ञानेश्वरांनी ज्याच्या मुखातून वेद वदविले असे परंपरा सांगते, त्या रेड्याची ती आहे. वेद म्हटले ते रेड्याने की ज्ञानेश्वरांनी, असा प्रश्न त्या वारकऱ्याला पडत नाही, आणि भक्तीला तो पडण्याचे कारणही नाही. परंतु जेथे संकल्प एकाचा आणि मुख दुसऱ्याचे, तेथे कृतीचा कर्ता कोणाला म्हणावे, हा तत्त्वज्ञानातील जुना आणि बिकट प्रश्न आहे, आणि याच मुलुखातील विद्यार्थ्यांच्या कार्यशाळेत तो आता नवा वेष घेऊन उभा राहिला आहे.

आंबेगावच्या हद्दीला लागून असलेल्या शिरूर तालुक्यात, पाबळ येथे, डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम स्थापन केला. अमेरिकेत डॉक्टरेट मिळवून आणि एका मोठ्या कंपनीच्या संशोधन विभागात वर्षानुवर्षे काम करून हा शास्त्रज्ञ एका दुष्काळी खेड्यात येऊन राहिला, तो हाताने काम करता करताच बुद्धी खरी जागी होते या एका श्रद्धेपायी. पुढे २००२ च्या सुमारास अमेरिकेतील एमआयटीचे प्रा. नील गर्शनफेल्ड यांच्या कल्पनेतून निघालेली फॅब लॅब याच माळावर आली. त्या संस्थेबाहेर उभ्या राहिलेल्या अगदी पहिल्या प्रयोगशाळांत पाबळची गणना होते. वेल्डिंग आणि सुतारकाम शिकणाऱ्या मुलांच्या शेजारी, संगणकावर आकृती रेखाटून ती यंत्राकडून घडवून घेण्याची विद्या अशी येऊन बसली.

अशा कार्यशाळेतला, घरी टोमॅटोची शेती असलेला, एखादा विद्यार्थी कल्पनेने डोळ्यांपुढे आणावा. शेतातील ठिबकच्या नळीचा जोड वारंवार फुटतो, म्हणून तो तसाच जोड स्वतः घडवावयाचे ठरवितो. नळीचा बाहेरचा व्यास १६ मिलिमीटर. तेव्हा पडद्यावर तो १६ मिलिमीटरचेच छिद्र रेखाटतो, संगणक त्या आकृतीचे पातळ थर पाडतो, आणि थ्री-डी प्रिंटरचे तापलेले तोंड वितळलेल्या प्लास्टिकचा धागा थरावर थर मांडीत वस्तू सिद्ध करते. जोड देखणा उतरतो. नळी मात्र आत शिरत नाही. प्लास्टिक निवताना आकसते, वळणावरून जाणारा धागा किंचित आत ओढला जातो, आणि पडद्यावरचे १६ हातात घेतल्यावर १६ भरत नाहीत. गावच्या सुताराकडून ही चूक झाली नसती. पावसाळ्यात लाकूड फुगते हे त्याच्या हाताला ठाऊक असल्यामुळे चौकटीत दार बसविताना तो न सांगता सूतभर जागा सोडतो.

आता यात कसूर कोणाची? विद्यार्थी प्रथम बोट दाखवितो ते यंत्राकडे. पण यंत्राने तर हुकमाची तामिली अक्षरशः केलेली असते. अशा प्रसंगी आपल्या नैयायिकांचा जुना घट उपयोगी पडतो. घटाची कारणे मोजताना त्यांनी मातीला समवायी कारण म्हटले, कुंभार, दंड आणि चाक यांना निमित्त कारणांत बसविले, आणि माती वाहून आणणाऱ्या गाढवाला अन्यथासिद्ध ठरवून कारणांच्या यादीतून खारीज केले. मग आपला प्रिंटर म्हणजे कुंभाराचे चाक की कुंभाराचे गाढव? त्याला गाढव म्हणता येत नाही, कारण त्याची उष्णता आणि त्याची चाल त्या वस्तूच्या अंगात उतरते. चाक म्हणावे, तर एक महत्त्वाचा भेद उरतो. फिरत्या चाकावर कुंभाराची बोटे मातीवर असतात, आणि माती कलली की बोटे तत्क्षणी तिला सावरतात. येथे मात्र पहिला थर पडण्यापूर्वीच सारे ठरून गेलेले असते. कुंभाराला जे ज्ञान क्षणाक्षणाला मिळते, ते या विद्यार्थ्याने आधीच आपल्या संकल्पात साठविलेले असले पाहिजे.

आणि कर्ता कोणाला म्हणावे याविषयी न्यायशास्त्राची अट कडक आहे. ज्या द्रव्यातून वस्तू घडवावयाची त्याचे प्रत्यक्ष ज्ञान, घडविण्याची इच्छा आणि त्यासाठी प्रयत्न, ही तिन्ही ज्याच्या ठायी एकत्र असतील तोच कर्ता. पहिल्या जोडाच्या वेळी आपल्या विद्यार्थ्यापाशी इच्छा होती, प्रयत्न होता; द्रव्याचे ज्ञान तेवढे नव्हते. कठोरपणे बोलावयाचे तर तो अद्याप कर्ता झालेलाच नव्हता. आकसणाऱ्या प्लास्टिकचा हिशेब संगणकच परस्पर करून देईल, असा आक्षेप कोणी घेईल. परंतु तसे झाले तर ज्ञान नाहीसे होत नाही, ते केवळ दुसऱ्या कोणाच्या तरी दप्तरी जमा होते, आणि विद्यार्थी पुन्हा मागणी नोंदविणारा गिऱ्हाईक ठरतो.

कर्त्याच्या याच व्याख्येवर नैयायिकांनी ईश्वरसिद्धीची इमारत उभारली, हे येथे विसरता कामा नये. घटाप्रमाणे जग हेही कार्य आहे, म्हणून परमाणूपरमाणूचे प्रत्यक्ष ज्ञान असणारा त्याचा कोणी कर्ता असला पाहिजे, अशी ती विचारसरणी. उदयनाचार्यांनी न्यायकुसुमांजलीत ती पराकाष्ठेला नेली. ती मान्य असो वा नसो, तिच्यात एक मर्म आहे. केवळ संकल्पाने सृष्टी निर्माण करणे त्यालाच शोभेल, ज्याला सृष्टीच्या द्रव्यातले काहीच परके नाही. लेण्याद्रीच्या गिरिजात्मजाची कथाही तेच सुचविते: पार्वतीने मूर्ती घडविली ती स्वतःच्या अंगाच्या मळाची, म्हणजे ज्याच्याशी तिची ओळख करून द्यावी लागू नये अशा द्रव्याची. पडद्यापुढे बसलेल्या माणसाला नेमका याच सामर्थ्याचा भास होतो. तेथे रेषेला जाडी नसते, द्रव्याला वजन नसते, चूक एका कळीने पुसता येते. आणि आपण म्हणू तसे होते, हा ईश्वरी आभास मनात नकळत रुजतो. तो आभास दूर करावयास एक अडलेली नळी पुरते.

म्हणून मला वाटते की या विद्येचा खरा लाभ पहिल्या, न बसणाऱ्या जोडात आहे. लेण्याद्रीचा डोंगर कोरणाऱ्याला दगड एकदा उडाला की परत लावता येत नव्हता, त्यामुळे त्याला आपले ज्ञान छिन्नी उचलण्यापूर्वीच, पिढ्यान्‌पिढ्यांच्या उमेदवारीतून कमवावे लागे. या विद्यार्थ्याला ते एका संध्याकाळी, थोड्याशा प्लास्टिकच्या मोबदल्यात मिळते. तो कॅलिपर घेतो, जोड मोजतो, आणि आकृतीतले १६ खोडून तेथे १६.४ लिहितो. त्या दशांश चिन्हापुढच्या चारात सुताराचे सूत आहे, आणि कलबागांच्या श्रद्धेचा पुरावाही.

आळ्याच्या लोकांनी रेड्याची समाधी जपून साधनाचा ऋणनिर्देश केला, तो योग्यच. दसऱ्याला प्रिंटरलाही झेंडूचा हार अवश्य घालावा. परंतु नळी का बसली नाही याचा खुलासा कोणी प्रिंटरकडे मागत नाही. तो खुलासा जो देऊ शकतो आणि आकडा बदलून पुन्हा यंत्रापाशी येतो, त्याच्यापुरता तरी कर्ता कोण हा प्रश्न निकालात निघाला.