काकूंना किती सांगायचं?

कोथरूडमधली एक सोसायटी, त्यातली चार घरं. धुणं-भांडी, केर-फरशी, काम सगळीकडे तेच आणि पगारही तोच, महिना २००० रुपये. बरीच वर्षं तो हललेला नाही. दिवाळीनंतर पगार वाढवून मागायचा, यावर आई आणि मुलीचं एकमत आहे. अडलंय ते तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंपाशी. आई ही घरं सांभाळते. मुलगी एका कारखान्यात पगारपत्रकं करते.

मुलगी : चारही घरी पाचशे वाढवून माग. काम एक, तर दर एक.

आई : तिघांना मागते. काकूंना नाही जमायचं.

मुलगी : तुलाही जमत नाहीये, म्हणून तर मागतोय ना?

आई : पहिल्या मजल्यावरचे साहेब सरकारी खात्यातून रिटायर झालेत. त्यांचा महागाई भत्ता जानेवारीत वाढतो, जुलैत वाढतो. काकूंचे यजमान कंपनीत होते. त्यांची पेन्शन जेवढी सुरू झाली तेवढीच राहिली. ते गेल्यावर काकूंच्या हातात त्याच्या निम्मीच येते.

मुलगी : खरंय. पीएफच्या पेन्शनला महागाई भत्ता नाहीच. २०१४ साली किमान पेन्शन १००० रुपये ठरवली, तेच मोठं झालं म्हणायचं. पण आई, तेल तुलाही त्याच भावानं घ्यावं लागतं. शिवाय काकूंकडे तुझं काम जास्त आहे. त्यांना वाकता येत नाही म्हणून पलंगाखालचा केर तू गुडघ्यावर बसून काढतेस. चादरी पिळून दोरीवर टाकतेस. इतर घरी हे करतेस का?

आई : ते मी पगारात धरत नाही. तुझ्या वेळच्या बाळंतपणात त्यांनी उचल दिली होती. एकही खाडा कापला नाही.

मुलगी : उचल तू फेडलीस.

आई : पैसे फेडले. वेळेला दिले, ते कसं फिटणार?

मुलगी : फेड की, तुझ्या मनानं. पण महिना पाचशे म्हणजे वर्षाचे सहा हजार तू काकूंना सोडतेयस. हे त्यांना माहीत आहे?

आई : सांगायचं कशाला? बोलून दाखवलं की उपकार होतो.

मुलगी : आणि नाही सांगितलं की तो दर होतो. उद्या तुझे गुडघे गेले, तू काम सोडलंस, तर काकू नव्या बाईला सांगतील, ‘आधीची दोन हजारात सगळं करायची.’ त्या बाईचं काकूंशी काय देणंघेणं? तिनं कुठली उचल घेतलीय? आणि पहिल्या मजल्यावरचे साहेब तुला काय ऐकवतील? ‘वर तर दोनच हजार देतात.’

मुलीचं हे म्हणणं मला फार महत्त्वाचं वाटतं. ‘आमच्या सोसायटीत हाच रेट आहे’ हे वाक्य शहरातल्या प्रत्येक कामवालीनं ऐकलेलं असतं. मजुरी वाढू नये म्हणून मालक मंडळी गाजावाजा न करता कायम एकजुटीनं वागतात, असं ॲडम स्मिथनं १७७६ सालीच नोंदवलं होतं. अशा एकजुटीपुढे एकट्या बाईनं गुपचूप दिलेली सूट तिची एकटीची राहत नाही. १९८० साली पुण्यातल्या मोलकरणींनी संप केला, त्यातून संघटना उभी राहिली आणि रजा, बोनस या गोष्टी हक्कानं मागता येऊ लागल्या. घरेलू कामगारांसाठी राज्याचा २००८ चा कायदा आहे. त्यात मंडळ आहे, नोंदणी आहे, कल्याणाच्या योजना आहेत. पण कुठल्या घरी किती पगार, हे तो ठरवत नाही. ते अजून दारात उभं राहून, तोंडानंच मागावं लागतं.

आई : तुझं पटतंय. पण मी मागितले तर काकू देतील, हीच तर भीती आहे. नाही म्हणायची त्यांना सवय नाही. बीपीची गोळी त्या आत्ताच एक दिवसाआड घेतात, मी पाकीट बघते ना. जो नाही म्हणू शकत नाही, त्याच्याकडे मागणं बरोबर आहे का?

मुलगी : मग पगार राहू दे तेवढाच, काम कमी कर. फरशी एक दिवसाआड पूस.

आई : आणि पलंगाखालचा केर मला दिसत असताना तसाच ठेवू?

मुलगी : नाही ठेवणार तू.

आई : नाहीच. त्यापेक्षा सरळ सांगते. दर आता अडीच हजार झालाय, तुमच्याकडून मी दोनच घेणार.

मुलगी : त्यांना चालेल?

आई : चिडतील. ‘माझ्यावर दया करतेस का?’ म्हणतील. शाळेत शिकवायच्या त्या. कुणाचं फुकट घेतलेलं मी कधी पाहिलं नाही.

मुलगी : म्हणजे मागितलं तरी त्यांना त्रास, सोडलं तरी त्रास.

आई : हो. पण त्यांना काय परवडतं, हे इथे बसून आपण दोघीच ठरवतोय. त्यांना कुणी विचारलंच नाही. मी दर सांगते, माझं म्हणणंही सांगते. पुढचं त्यांना बोलू दे.

मुलगी : आणि त्यांनी पूर्ण अडीच हजार हातावर ठेवले तर?

आई : घेईन. आणि गोळी रोजच्या रोज घेतात की नाही, तेही विचारेन.