शेजारणीचं बायबल

२० जानेवारी २०२१ रोजी कमला हॅरिस यांनी उपराष्ट्राध्यक्षपदाची शपथ घेतली ती दोन बायबलांवर हात ठेवून. एक न्यायमूर्ती थर्गुड मार्शल यांचं, दुसरं बर्कलीतल्या शेजारीण रेजिना शेल्टन यांचं.

शेल्टनबाई मूळच्या लुइझियानाच्या. हॅरिस मायलेकी राहायच्या त्याच इमारतीत खाली त्यांचं पाळणाघर होतं. भिंतींवर गुलामगिरीविरुद्ध लढलेल्या फ्रेडरिक डग्लस, हॅरिएट टबमन यांची चित्रं. आई श्यामला गोपालन प्रयोगशाळेत अडकल्या की दोघी मुली शेल्टनबाईंकडेच थांबत. रविवारी त्यांच्याबरोबर चर्चलाही जात. एकदा छोट्या कमलाने लिंबाच्या वड्या केल्या आणि साखरेऐवजी मीठ घातलं. बाईंनी घास घेतला, तोंड आवळलं, तरी छानच झाल्यात म्हणाल्या. मीठ जरासं जास्त पडलंय, एवढंच. मुलीचा हुरूप न मोडता तिची चूक सांगणं हे फार मोठं शिक्षण आहे.

वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठाची ओढही अशाच मानलेल्या नात्यातून लागली. कुटुंबाच्या स्नेही क्रिस तिथेच शिकल्या होत्या. कमला त्यांना मावशीच मानत. मावशी अल्फा कप्पा अल्फाच्या सदस्य. ही कृष्णवर्णीय विद्यार्थिनींची सोरोरिटी, म्हणजे भगिनी-संघटना, १९०८ साली हॉवर्डमध्येच सुरू झाली. १९८६ साली कमलाही तिच्यात दाखल झाल्या.

अमेरिकेत असा वारसा बहुधा रक्ताच्या नात्यातून येतो. येल विद्यापीठात डेल्टा कप्पा एप्सिलॉन या फ्रॅटर्निटीचं, म्हणजे विद्यार्थ्यांच्या बंधु-संघटनेचं, अध्यक्षपद थोरल्या बुश यांनी भूषवलं, पुढे त्यांच्या मुलानेही. कमलांची आई मात्र तमिळ, वडील जमैकाचे. त्यांच्या घरात असं काही चालत आलेलं नव्हतं. ते त्यांना मिळालं आईने जोडलेल्या माणसांकडून. बापजाद्यांच्या ओळखीवर उघडणाऱ्या दारांपेक्षा हे नातं अधिक मोलाचं मानायला हवं, कारण त्यात कुणीतरी दुसऱ्याच्या लेकराला आपलं म्हटलेलं असतं.

कृष्णवर्णीयांच्या अशा संघटनांचं एक वैशिष्ट्य म्हणजे पदवी मिळाली तरी सदस्यत्व सुटत नाही. पदवीधरांच्या शाखा गावोगावी असतात. शिष्यवृत्त्या, मतदार नोंदणी अशी कामं वर्षानुवर्षं चालतात. २०२० साली हॅरिस यांची उपराष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी जाहीर झाली आणि प्रचारनिधीत १९.०८ डॉलरच्या देणग्या येऊ लागल्या. त्या पाठवणाऱ्या बायकांना सोरोरिटीचं स्थापनावर्ष तोंडपाठ होतं.