बोलीला कुळाचा दाखला कशाला?

अलेक्झांड्रियाच्या राजवाड्यात अडोनिसचा उत्सव. गर्दीतून वाट काढत आलेल्या सिराक्यूजच्या दोन बायका, गोर्गो आणि प्राक्सिनोआ, भिंतीवरचे विणलेले पडदे पाहून बोलत सुटतात. शेजारचा गृहस्थ वैतागतो: काय ही कटकट, आणि प्रत्येक स्वर किती फाकवायचा! ग्रीक कवी थिओक्रिटसने इ.स.पूर्व तिसऱ्या शतकात हा प्रसंग रंगवला. प्राक्सिनोआ ऐकून घेणारी नव्हे. आमचे मूळ कॉरिंथचे, पुराणातल्या वीर बेलेरोफोनच्या गावचे; डोरियनांनी आपली डोरिक बोली बोलायची नाही तर काय, असे ती सुनावते.

वाचताना बरे वाटते. पण तिने ढाल केली ती कुळाची. ज्या बाईच्या मागे बेलेरोफोन नाही, तिने काय मुकाट बसायचे? आणि हीच प्राक्सिनोआ घरून निघताना, पाणी जास्त ओतून कपडे भिजवले म्हणून दासीवर खेकसते; त्या दासीने कोणत्या कुळाची ढाल करावी?

ग्रीकांकडे मोठ्या साहित्यासाठी एकच बोली नव्हती. सॅफोने एओलिकमध्ये गायले, हिरोडोटसने आयोनिकमध्ये लिहिले. अथेन्सच्या शोकनाट्यांतली समूहगीतेही डोरिक वळणाची. तरीही सॅफोच्याच लेस्बॉसची बोली रानटी ठरवायला प्लेटोच्या ‘प्रोटागोरस’ या संवादातला सोफिस्ट प्रॉडिकस कचरत नाही. म्हणजे थोर कवयित्री देऊनही बोलीची अप्रतिष्ठा टळली नाही!

पुढे रोमन अमलात, इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात, सुशिक्षितांना अथेन्सच्या जुन्या ॲटिक बोलीचे वेड लागले. त्या वेळी पाचसहाशे वर्षे जुनी झालेली ती भाषा! कोणता शब्द वापरावा आणि कोणता टाळावा, याच्या याद्या वैयाकरण फ्रिनिकसने केल्या. याच सुमाराला संशयवादी तत्त्वज्ञ सेक्स्टस एम्पिरिकसने वैयाकरणांची चांगलीच हजेरी घेतली. भाकरीच्या टोपलीला दोन नावे, एक पंडितांचे आणि एक चालू. घरात नोकरांशी बोलताना चालूच नाव घ्यावे, नाहीतर तेच आपल्याला हसतील, असे त्याचे म्हणणे. जिथे जे चालते तिथे ते बोलावे, हाच त्याचा निकष. तो मला पटतो, कारण त्याला वंशावळ लागत नाही.

आपल्याकडेही बोलीची बाजू घेताना आपण लगेच संतांची नावे पुढे करतो. ती खरीच थोर. पण वर्गात ‘पानी’ म्हणणाऱ्या पोराला त्यांचा दाखला का आणावा लागावा? प्रमाण मराठी त्याला जरूर शिकवा, अर्जाला आणि परीक्षेला ती लागते. मात्र शिक्षकांनो, तो बोलला की वर्गात खसखस पिकते, ती आधी थांबवा.