लेटमार्क कोणाचा?

विरार ते चर्चगेट हे अंतर सुमारे साठ किलोमीटर. जलद लोकलनेही दीडेक तास जातो. घरापासून स्टेशनपर्यंतची रिक्षा आणि उतरल्यावरची पायपीट धरली, तर जाऊन-येऊन चार तास सहज होतात. बसायला जागा मिळावी म्हणून नालासोपाऱ्याची माणसे आधी उलटी विरारला जातात, तो वेळ वेगळाच. रेल्वेच्या भाषेत या गर्दीला ‘सुपर डेन्स क्रश लोड’ म्हणतात : एका चौरस मीटरमध्ये चौदा ते सोळा माणसे उभी.

अप्रेझलच्या तक्त्यात यातले काहीच नसते. तिथे दिवस सुरू होतो तो कार्ड पंच केल्यावर. पाण्याचा टँकर आला का, आईचे औषध संपले का, हे प्रश्न डोक्यात असताना आकडा चुकतो आणि शेरा पडतो : ‘कामात लक्ष नाही.’ तो शेरा संध्याकाळी त्याच लोकलने घरी येतो आणि अभ्यासाला बसलेल्या मुलावर निघतो. रात्रीची झोप उडते, सकाळी पुन्हा आकडा चुकतो.

कामगार राज्य विमा कायद्यात २०१० साली दुरुस्ती झाली. कामावर जाता-येता झालेल्या अपघाताचा नोकरीशी संबंध दिसला, तर तो कामावरचाच अपघात धरला जातो. वाटेत मोडलेला पाय असा हिशेबात आला. वाटेत शिणलेले मन मात्र अजूनही ज्याचे त्यानेच सांभाळायचे.

यावर एक आक्षेप रास्त आहे. नर्सने चुकीचे औषध दिले, तर ती कुठून आली याच्याशी रुग्णाला काय देणेघेणे? काहीच नाही. चूक ही चूकच, आणि कामाची कसोटी सर्वांना सारखीच हवी. पण कामाची कसोटी आणि माणसाची पारख या दोन गोष्टी आहेत. चूक कागदावर दिसते. तिच्यावरून आपण स्वभाव ठरवतो, तेव्हा आपण अन्याय करत असतो.

‘लांब राहणे ही त्यांची निवड’ असेही म्हटले जाते. पण मिळणाऱ्या पगारात अंधेरीला घर परवडत नसेल, तर ही निवड अर्धी मालकानेच केलेली असते. मग शिफ्ट अर्धा तास पुढे सरकवणे ही मेहेरबानी कशी? तो त्याच्या वाट्याचा खर्च आहे. ‘लक्ष नाही’ असे लिहिण्याआधी साहेबाने एवढे तरी विचारावे : सकाळी किती वाजता उठलात?